८ बारला कट व्हायचा प्रेशर स्विच ९.३ ला कट होतो, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

आज तुमच्या सेवा केंद्राला पाचवा फोन झाला. आता लेखी देत आहोत.

लातूरच्या आमच्या डाळ मिलमध्ये कलर सॉर्टरला हवा देणाऱ्या दोन्ही कॉम्प्रेसरवर तुमचेच स्विच आहेत. सेटिंग कट-इन (कॉम्प्रेसर चालू होतो तो दाब) ६ बार, कट-आउट (बंद होतो तो दाब) ८ बार. दोन महिन्यांत दोन्ही बिघडले. एक तर आता ९.३ ला कट होतो आणि ५.२ ला लागतो. टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह १० बारचा आहे, म्हणजे मधे फक्त ०.७ बार उरला. खाली हवा ५.२ पर्यंत उतरली की सॉर्टरचा झोत कमी पडतो आणि डागी दाणा चांगल्या डाळीत जातो.

तुमचे इंजिनिअर आज म्हणाले, "मराठवाड्यातून बोलताय ना? तिकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असतोच. आधी वायरमनला दाखवा." आम्ही म्हटलं, स्विच काढून टेबलावर तपासलाय. तर म्हणे, "मग गेज खराब असेल." गेज दोन लावले होते, दोन्हींचं रीडिंग एकच. त्यावर उत्तर आलं, "स्विच एकदा बंद करून चालू करा." आणि फोन ठेवला.

या स्विचमध्ये डायफ्रॅम (लवचिक पडदा) हवेने दाबला जातो आणि समोर स्प्रिंग असते. कट-आउट त्या दोघांच्या ओढाताणीवर ठरतो, विजेवर नाही. व्होल्टेज पडलं तर कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा स्विच) थरथरेल, मोटर तापेल, पण स्प्रिंगचं सेटिंग हलणार नाही. टेबलावर तर वायरच जोडलेली नव्हती. हवा हळूहळू चढवली, मल्टीमीटर बीपवर ठेवला, तरी कॉन्टॅक्ट ९.३ लाच सुटला. तिथे कुठलं व्होल्टेज?

स्प्रिंगचं सेटिंग सरकलं असतं तर दोन्ही आकडे एकाच दिशेने गेले असते. इथे वरचा वर गेला आणि खालचा खाली. म्हणजे लिव्हर अडकतोय. कव्हर उघडलं तर लिव्हरची पिन लालभडक गंजलेली. ग्लँड (वायर आत येते तिथलं सील) घट्ट होती, आत डाळीचा भुसा नव्हता. पिनेला तेलाचा एक थेंब दिला आणि कट-आउट ८.१ वर आला. तीन दिवसांनी पुन्हा ८.९. पिनेचं प्लेटिंगच (गंज रोखणारा मुलामा) कच्चं आहे, आणि लिव्हर अडखळत सुटत असल्याने कॉन्टॅक्टही जळायला लागलेत.

याच कंपनीचे जुने स्विच इथे वर्षानुवर्षं चालले, म्हणूनच पुन्हा तुमचेच घेतले होते.

दोन्ही स्विच बदलून द्या. नव्यांत पिन स्टेनलेसची हवी. काढलेल्या पिनेचा तपासणी अहवाल लेखी हवा, त्यात व्होल्टेज हा शब्द नको. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर उरलेलं बिल थांबेल आणि हेच आकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातील. गंजलेली पिन पाकिटात घालून सोबत पाठवत आहोत.

व्यवस्थापन, डाळ मिल
लातूर