एअर अॅम्ब्युलन्स ठरवताना आधी विमान कोणाचं ते विचारा

मा. संपादक,
स. न.

गेल्या हिवाळ्यात माझे थोरले मेहुणे नागपूरच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होते. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं धरली होती. डॉक्टर म्हणाले, मुंबईला हलवा, पण रस्त्याने नको. समृद्धी महामार्ग झाला तरी तो ७०१ किलोमीटरचा आहे, तेवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. विमान करायचं ठरलं आणि घरात कुणालाच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मी मोबाइलवर शोधून पहिलाच नंबर लावला. पलीकडच्या माणसाने पाच मिनिटांत भाव सांगितला, एका चकचकीत जेटचा फोटो पाठवला आणि पन्नास हजार अॅडव्हान्स मागितला. मी लगेच भरला. विमान 'निघालंच आहे' असं तो संध्याकाळपर्यंत सांगत राहिला. रात्री उलगडा झाला की विमान त्याचं नव्हतंच. तो मधला माणूस होता, ज्या कंपनीचं विमान मिळेल असं त्याला वाटत होतं तिने ते दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. आमचा एक पूर्ण दिवस गेला. पैसे आजतागायत परत आलेले नाहीत, आणि त्याने दिलेल्या पावतीवर विमान कंपनीचं नावसुद्धा नाही.

आयसीयूतल्या सिस्टरना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "दादा, पेशंटला ऑक्सिजन किती टक्के लागतोय, हे त्यांनी विचारलं का?" नव्हतं विचारलं. "मग जे आधी पेशंटचं विचारतील त्यांनाच धरा."

दुसऱ्या सेवेचा अनुभव अगदी वेगळा होता. पैशाचं बोलणं होण्याआधी त्यांच्या डॉक्टरांनी थेट आमच्या डॉक्टरांना फोन लावला, रक्ताचे रिपोर्ट आणि छातीचा एक्स-रे मागवून घेतला. एक्स-रेत फुप्फुसाबाहेर हवेची छोटी पोकळी दिसत होती. विमानाच्या केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. तिथे शरीरात अडकलेली हवा साधारण एक तृतीयांशाने फुगते आणि फुप्फुस दाबू शकते. म्हणून आधी छातीत नळी टाका, मगच उड्डाण, यावर ते अडून बसले. आणखी अर्धा दिवस थांबावं लागलं. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता, आज त्यांच्या त्या हट्टाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

नातेवाईक म्हणून विमानात मी होतो. एका बाजूला स्ट्रेचर, दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि पॅरामेडिक, ताठ उभं राहायलाही जागा नाही. श्वासनळीतल्या नळीच्या टोकाशी हवेचा छोटा फुगा असतो, उंचीवर तोही फुगतो. डॉक्टर छोट्या घड्याळासारखं एक यंत्र लावून त्याचा दाब बघत होते, विमान चढताना दोनदा आणि उतरताना पुन्हा. ऑक्सिजनचे सिलिंडर त्यांनी उड्डाणाच्या वेळेपुरते नव्हे, जवळजवळ दुप्पट घेतले होते. मुंबई विमानतळाच्या कलिन्याच्या बाजूला उतरल्यावर व्हेंटिलेटर असलेली गाडी तयार होती, आणि तेच डॉक्टर मुंबईच्या आयसीयूतल्या खाटेपर्यंत आले. 'बेड टू बेड' म्हणतात ते हे. भाव विचारताना ते त्यात धरलंय का, हे आधीच विचारावं. नाहीतर दोन्हीकडच्या गाड्यांचा खर्च वेगळा निघतो, आणि विमानतळावर गाडीची वाट बघण्यात जीव टांगणीला लागतो.

म्हणून वाचकांना कळकळीने सांगतो. फोन केल्यावर विमानाचा 'व्हीटी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि ते कोणत्या कंपनीचं आहे, त्या कंपनीकडे डीजीसीएचा, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना आहे का, ते विचारा. मधल्या माणसाने व्यवहार केला म्हणून तो फसवतोच असं नाही, पण विमान कोणाचं हे त्याने लपवू नये. सोबत येणारे डॉक्टर कोण, त्यांना आयसीयूचा अनुभव किती, हे त्यांच्याशीच बोलून घ्या. विम्याच्या कंपनीला उड्डाणाआधी कळवा. आमच्या पॉलिसीत या खर्चावर मर्यादा होती आणि ती आम्हाला बिल भरल्यावर समजली.

अंतर दोन-अडीचशे किलोमीटर असेल तर चांगली कार्डिअॅक रुग्णवाहिका बरी पडू शकते, कारण विमानात पेशंटला चार वेळा उचलून ठेवावं लागतं. प्रकृती स्थिर असेल तर काही विमान कंपन्या नेहमीच्या विमानात सीट काढून स्ट्रेचर बसवतात. त्याला वैद्यकीय फॉर्म आणि दोन-तीन दिवस लागतात, पण खर्च बराच कमी येतो. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात २०२४ पासून सरकारी एअर अॅम्ब्युलन्स आहे आणि आयुष्मान कार्ड असलेल्यांना ती मोफत मिळते. महाराष्ट्रात १०८ ची गाडी २०१४ पासून दारात येते, तो नंबर आता लहान मुलांनाही पाठ आहे. त्याच नंबरवर परवानाधारक विमान कंपन्यांची नावं आणि साधारण दर सांगायची सोय आरोग्य खात्याने करावी, आणि तीच यादी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूबाहेर लावावी. सरकारी विमान येईल तेव्हा येईल, यादी लावायला मात्र एक कागद पुरतो. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, यवतमाळ