म्हणायचा मसावि, लिहिला जातो लसावि

मा. संपादक,

इंग्रजीत गणितातले शब्द रोजच्या बोलण्यात सर्रास येतात. इंग्रजी बातम्यांचा तर्जुमा करताना ते जसेच्या तसे मराठी रकान्यांत उतरतात आणि मुळात शब्द चुकीच्या अर्थाने वापरलेला असेल, तर ती चूकही सोबत येते. ‘लोएस्ट कॉमन डिनॉमिनेटर’ हा त्याचा सर्वांत ठळक नमुना. कार्यक्रम सवंग केला किंवा सगळ्यांना पटेल एवढेच धोरणात ठेवले, की इंग्रजीत हा शब्दप्रयोग येतो. मराठीत त्याचा ‘लघुत्तम सामाईक छेद’ होतो.

हा छेद प्रत्यक्षात लहान नसतो. १/४ आणि १/६ यांची बेरीज करताना छेद १२ घ्यावा लागतो: ३/१२ अधिक २/१२, म्हणजे ५/१२. हे १२ चारांहून मोठे आणि सहांहूनही. दोघांना पोटात घेणारी ती संख्या आहे, म्हणजेच ४ आणि ६ यांचा लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य). बोलणाऱ्याच्या मनात असतो तो मसावि (महत्तम साधारण विभाजक), म्हणजे सगळ्यांत असलेला सामाईक भाग. १२ आणि १८ यांचा मसावि ६. त्यांत २० आणा, मसावि २ वर येतो. ३५ आणा, १ उरतो. मंडळी वाढली की सामाईक ते आटत जाते, हेच तर सांगायचे असते! याच संख्यांचा लसावि मात्र ३६, १८०, १२६० असा चढत जातो. ‘लोएस्ट’ ऐकले की खालची पातळी डोळ्यांसमोर येते, म्हणून हा घोळ झाला. इंग्रजीत तो आता इतका रुजला आहे की निघणार नाही. पण मराठी राजकारणाने ‘किमान समान कार्यक्रम’ केव्हाच रुळवला आहे. आपल्याला छेदाची गरजच नाही.

दुसरा शब्द ‘एक्स्पोनेन्शियल’. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘खूप’ एवढाच उरला आहे. गणितात तो वाढीचा प्रकार सांगतो (सारख्या काळात सारख्याच पटीने वाढ), वेग नव्हे. दरसाल ७ टक्के चक्रवाढीची ठेव याच प्रकारे वाढते आणि तिला जेमतेम दुप्पट व्हायला सुमारे १० वर्षे लागतात. उलट उंचावरून सोडलेला दगड १, २, ३ सेकंदांअखेर एकूण ४.९, १९.६, ४४.१ मीटर अंतर कापतो. वाढ झपाट्याची, पण एक्स्पोनेन्शियल नाही.

पारख सोपी आहे. सारख्या कालावधीचे किमान तीन आकडे घ्या आणि प्रत्येकाला आधीच्याने भागा. १००, १२०, १४४ मध्ये दोन्ही वेळा १.२ येते, म्हणजे वाढ त्या प्रकारात बसते. १००, १२०, १४० मध्ये फरक तेवढा सारखा आहे. पहिल्या दोन आकड्यांवरून यांतले काहीच कळत नाही, तरी बातमीत बहुधा दोनच आकडे असतात. भागाकार जुळला तर ‘चक्रवाढीने’ लिहावे, नाहीतर ‘झपाट्याने’ पुरेसे आहे.

सगळेच प्रयोग फसवे नसतात. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने एक मुद्दा ‘ऑर्थोगोनल’ (काटकोनातला) असल्याचे म्हटले, तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ‘काय म्हणालात?’ असे विचारले आणि न्यायालयातलेच न्यायमूर्ती स्कॅलिया यांना तो शब्द आवडला. काटकोनातल्या दोन अक्षांपैकी एकावर कितीही सरका, दुसऱ्यावरची जागा बदलत नाही. मुद्दे परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे त्यातून चपखल कळते. मराठीत मात्र ‘काटकोनात’ लिहिले तर वाचक अडखळेल. ‘याचा त्याच्याशी संबंध नाही’ असे सरळ लिहावे.

शेवटचा मुद्दा आपल्या अर्थपानासाठी. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी महागाईच्या वाढीचा वेग कमी होत असल्याचे जाहीर केले. किमतींची वाढ म्हणजे महागाई, तिची वाढ आणि त्या वाढीतली घट, अशी ती तिसरी पायरी. गणितज्ञ ह्यूगो रॉसी यांनी पुढे तिला ‘तिसरे डेरिव्हेटिव्ह’ म्हटले (डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर). आपल्याकडे एका पायरीचाही घोटाळा होतो. दर ६ वरून ५ टक्क्यांवर आला, की ‘महागाई घटली’ असा मथळा येतो आणि किमती उतरल्या असे वाचक समजतो. १०० रुपयांची वस्तू तोवर १०६ आणि मग १११ रुपये ३० पैशांची झालेली असते. अशा वेळी ‘महागाईचा वेग मंदावला’ असा मथळा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक