किरणांचा हिशेब ठेवणारा माणूस

माननीय संपादक,

बारावीचे निकाल लागले की करिअर पुरवण्या येतात. त्यांत किरणोत्सर्ग सुरक्षेचा उल्लेख झालाच तर एखाद्या ओळीत उरकतो, आणि ती ओळ वाचून पालक मुलांना, त्याहूनही मुलींना, या वाटेला जाऊ देत नाहीत. 'केस गळतात', 'मूलबाळ होत नाही' अशी ऐकीव माहिती त्यामागे असते. किरणांच्या सुरक्षित वापरावर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ 15 नोव्हेंबर 1983 रोजी स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईतल्या अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात आहे. या विषयाचे देशातले सर्वांत जुने प्रशिक्षणही तिथल्याच परिसरात मिळते. तरीही चेंबूर-गोवंडीच्या मुलांना हे काम नेमके काय आहे ते सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आकडे. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून, माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मिळतात. छातीच्या एका एक्स-रेत सुमारे 0.02, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण 8 ते 10. किरणांसोबत काम करणाऱ्याला आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर जायचे नाही. सर्वसामान्य नागरिकासाठी ही मर्यादा 1 आहे. महिला कर्मचाऱ्याने गरोदर असल्याचे कळवले की पुढच्या काळात गर्भासाठीही 1 मिलिसिव्हर्टचीच मर्यादा लागू होते आणि कामाची आखणी त्यानुसार बदलावी लागते. नोकरी सोडावी लागत नाही. हे आकडे पाळले जातात की नाही हे पाहणे, आणि पाळले जातील अशी खोली, यंत्र व कामाची पद्धत बसवणे, हा किरणोत्सर्ग सुरक्षा पाहणाऱ्या माणसाचा रोजचा उद्योग.

मुंबईत यातला सर्वांत कटकटीचा भाग म्हणजे निवासी इमारतीच्या तळमजल्यावरचे एक्स-रे केंद्र. सोसायटीच्या सभेत हमखास वाद होतो आणि बहुधा चुकीच्या मुद्द्यावर. यंत्र बंद असताना किरण नसतात, आणि एक्स-रेने भिंती किरणोत्सर्गी होत नाहीत. रुग्णाच्या अंगावर पडलेल्या मात्रेचा साधारण एक हजारांश भाग विखुरून एक मीटरवर पोहोचतो, दोन मीटरवर त्याच्याही पाव. नऊ इंची भरीव विटेची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत या विखुरलेल्या किरणांना सहसा पुरेशी असते. गडबड होते ती इतर ठिकाणी. नव्या बांधकामात वीट जाऊन सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ठोकळे आले आहेत. जाडी तीच दिसते, पण वजन विटेच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे अडवण्याची ताकदही तितकीच घटलेली. भिंत किती इंची आहे एवढेच विचारून चालत नाही, कशाची आहे तेही विचारावे लागते. एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक नंतर जिप्समने बुजवतात. दरवाजाच्या प्लायमध्ये ठोकलेला शिशाचा पत्रा स्वतःच्या वजनाने काही वर्षांत खाली सरकतो आणि वरच्या कडेला फट पडते, जी बाहेरून दिसत नाही. दोन पत्रे एकमेकांवर चढवण्याऐवजी कडेला कड लावून बसवले असतील तर सांध्यातून किरण सुटतात.

छातीचा स्टँड कोणत्या भिंतीला लावला आहे, हे त्याहूनही महत्त्वाचे. तिथे थेट झोत जातो. पलीकडे जिना, शेजाऱ्याचे स्वयंपाकघर किंवा थांबलेले रुग्ण असतील तर स्टँडची जागा बदलणे हा शिसे वाढवण्यापेक्षा स्वस्त उपाय. कंट्रोल पॅनेल आणि यंत्र यांत किमान 3 मीटर अंतर हवे असते. दहा फुटी रुंदीच्या गाळ्यात ते आडवे मावत नाही, लांबीच्या दिशेने काढावे लागते, आणि तसे केले की दरवाजा नेमका अडचणीत येतो. नकाशावर पेन्सिलीने चारचार मांडण्या करून पाहिल्याशिवाय यातून सुटका नसते.

काही सोसायट्या ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटर आणून स्वतःच मोजतात. हेतू चांगला, पण एक्स-रे सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आटोपतो आणि अशा गायगर मीटरला आकडा दाखवायला काही सेकंद लागतात. मीटर शून्याजवळ राहते आणि सगळे निर्धास्त होतात. अशा मोजणीला आयनीकरण कक्षाचे, मात्रा साठवत जाणारे यंत्र लागते. रुग्णाच्या जागी पाण्याचा डबा ठेवून झोताचा वेळ लांबवावा लागतो. यंत्र दर दोन वर्षांनी तपासून घेणे बंधनकारक आहे. केंद्रात जाऊन परवाना आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल विचारणे रहिवाशांच्या हातात आहे, आणि मीटर घेऊन फिरण्यापेक्षा ते जास्त उपयोगी.

आता कर्मचाऱ्याला मिळालेली मात्रा नोंदवणारा छातीवरचा टीएलडी बॅज. तो किरणांपासून वाचवतो असा समज खुद्द कर्मचाऱ्यांतही आढळतो. विजेचे मीटर शॉक थांबवत नाही, तसाच हा. आत डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. एकीवर धातूचे आवरण, दुसरीवर प्लास्टिकचे, तिसरी उघडी. तापवल्यावर चकती मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देते आणि तीन चकत्यांच्या तुलनेवरून किरण कोणत्या जातीचे होते ते कळते. म्हणून कार्ड होल्डरमधून काढून नुसते खिशात ठेवले की हिशेबच बिघडतो. बॅज शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. तो खोलीतल्या खुंटीला टांगून घरी गेले तर तीन महिन्यांनी भिंतीची मात्रा माणसाच्या नावावर पडते. तुलनेसाठीचा कंट्रोल बॅज एक्स-रेच्या खोलीत ठेवला तर उलटे होते. त्याची मात्रा सर्वांच्या आकड्यातून वजा होते आणि खरा धोका कागदावर दिसतच नाही. तीन महिन्यांच्या एका खेपेत 10 मिलिसिव्हर्टच्या वर आकडा आला की चौकशी होते, आणि तिचा बराच वेळ बॅज माणसाच्या अंगावर होता की खुंटीवर, हे शोधण्यात जातो. एप्रनचीही गत तशीच. घडी घालून खुर्चीवर टाकला की घडीच्या रेषेत आतले शिसे तडकते. तो हँगरवरच हवा, आणि वर्षातून एकदा फ्लुरोस्कोपीखाली, म्हणजे सलग एक्स-रे चित्रणाखाली, पाहायला हवा.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार होतात त्या खोलीत, रोज उभे राहणाऱ्या डॉक्टरांना वैद्यकीय क्षेत्रात सर्वाधिक मात्रा मिळते. सी-आर्म, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचे एक्स-रे यंत्र, तिरका केला की एक्स-रे नळीच्या बाजूला न राहता डिटेक्टरच्या बाजूला उभे राहायचे, कारण किरण रुग्णाच्या अंगात शिरतात त्या बाजूला सर्वाधिक विखुरतात. चित्रण चालू असताना अर्ध्या मीटरवरून एका मीटरवर सरकले तरी मात्रा पावपट होते.

रुग्णालयाबाहेरचे काम वेगळ्याच जातीचे. तळोजा, माहुल, उरणच्या पट्ट्यात रात्री पाइपच्या वेल्डिंगचे फोटो इरिडियम-192 या किरणोत्सर्गी स्रोताने काढले जातात. 20 क्युरीचा (क्युरी हे स्रोताच्या तीव्रतेचे एकक) स्रोत उघडा असेल तर एका मीटरवर तासाला सुमारे 96 मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे तेरा मिनिटांच्या आत वर्षाची सरासरी मर्यादा संपते. कॉलिमेटर, म्हणजे झोत एकाच दिशेला ठेवणारे आवरण, नसेल तर तासाला 10 मायक्रोसिव्हर्टपर्यंत (मायक्रोसिव्हर्ट म्हणजे मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) उतरायला जवळजवळ 100 मीटर मागे जावे लागते, म्हणून लोकांना अडवणारी दोरी तिथे बांधायची. अपघात बहुतेक एकाच पद्धतीने होतात. स्रोत बाहेर ढकलणारी केबल गुंडाळून झाली, म्हणजे स्रोत कॅमेऱ्यात (त्याला झाकून ठेवणाऱ्या जड पेटीत) परतला असे धरून माणूस पुढे जातो. प्रत्यक्षात तो ज्या नळीतून बाहेर जातो त्या गाइड ट्यूबमध्ये अडकलेला किंवा केबलपासून सुटलेला असतो. दर फोटोनंतर चालू मीटर हातात धरून कॅमेऱ्यापर्यंत जायचे, मग पूर्ण ट्यूब टोकापर्यंत तपासायची आणि कॅमेऱ्याला कुलूप लावायचे, याला पर्याय नाही. त्यातही एक खोच आहे. काही गायगर मीटर फार तीव्र क्षेत्रात गुदमरून शून्य दाखवतात. म्हणून मीटर दुरूनच चालू करून आकडा वाढताना पाहत पुढे जायचे. सुटलेला स्रोत दिसला तर हाताने कधीही उचलायचा नाही. बोटे भाजायला एक-दोन मिनिटे पुरतात, आणि त्या क्षणी काहीच जाणवत नाही. दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये भंगारात गेलेल्या कोबाल्ट-60 ने एकाचा जीव घेतला. विद्यापीठातले जुने यंत्र लिलावात निघाले तेव्हा आत स्रोत आहे याची नोंद कोणी पाहिली नव्हती. स्रोताची वही ठेवणे हे कारकुनी काम वाटते, पण या पेशाचा निम्मा भार त्या वहीवरच असतो.

वाट अशी. औद्योगिक रेडिओग्राफीत आर.टी.-1 आणि आर.टी.-2 या प्रशिक्षणांतून जाता येते. न्यूक्लिअर मेडिसिनसाठी, म्हणजे किरणोत्सर्गी औषधांनी होणाऱ्या तपासणी-उपचारांसाठी, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरशी जोडलेला अभ्यासक्रम आहे. कर्करोगाच्या किरणोपचारात भौतिकतज्ज्ञ व्हायचे तर भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग भाभा अणुसंशोधन केंद्राची एका वर्षाची रेडिओलॉजिकल फिजिक्स पदविका, जी 1962 पासून चालू आहे. त्यानंतर रुग्णालयात वर्षभर उमेदवारी, मग किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा आणि मंडळाची मान्यता. प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राचा पाया तपासतात, पाठांतर फारसे कामी येत नाही. बारावीला जीवशास्त्र नव्हते म्हणून कोणी मागे राहू नये, शरीररचना पदविकेतच शिकवतात. पदवीला भौतिकशास्त्रासोबत गणित मात्र घेतलेले असावे. ते तृतीय वर्षाला कळून उपयोग नसतो, म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांच्या पालकांपर्यंत हे पत्र पोहोचावे ही विनंती.

आपले,
किरणोत्सर्ग सुरक्षेच्या क्षेत्रातील काही वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ,
मुंबई