अपुऱ्या दिवसांचे बाळ, पहिली थंडी आणि श्वासाची मोजणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपून नागपुरात थंडी उतरली की नवजात कक्षातून घरी गेलेली अपुऱ्या दिवसांची काही बाळे धाप लागल्याने परत दाखल होतात. सुटी देताना घरच्यांच्या हाती वजनाचा आकडा, पुढच्या तपासणीची तारीख आणि थेंबांची चिठ्ठी पडते. श्वास कसा मोजायचा हे त्या कागदावर बहुधा नसते, म्हणून हे पत्र.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचे. आईच्या रक्तातली रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाची ही शिदोरी अर्धवटच बांधलेली असते. त्यात श्वासनलिका अतिशय बारीक. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. त्यामुळे ज्या आरएसव्ही या श्वासमार्गाच्या विषाणूने मोठ्यांचे चार दिवस नाक वाहते, त्यानेच या बाळाच्या नलिका सुजून चिकट स्रावाने बुजतात. अगदी लहान बाळांत तर कधी कधी खोकलाही नसतो, श्वास मध्येच थांबतो हेच पहिले लक्षण असते.

विषाणू घरात येतो तो माणसांबरोबर. शाळेत जाणारा दादा, बारशाला आलेले पाहुणे, गाडीतून उतरून थेट बाळाला उचलणारी मावशी. सर्दी झालेल्याने खोलीत यायचेच नाही आणि बाकीच्यांनीही पहिले काही महिने दारातूनच बघायचे, यात कुणाचा मानपान दुखावण्याचे कारण नाही. हात धुताना अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, कारण साबण त्यांच्या खाली पोहोचत नाही. किमान ४० सेकंद चोळून धुवावे. आईलाच सर्दी झाली तर तिने मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजत राहावे. दूध बंद करणे ही त्या वेळची सर्वांत मोठी चूक, कारण विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे त्या दुधातूनही मिळतात.

धुराबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. न्हाऊ घातल्यावर शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी देतात आणि ऊब जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून घेतात. बंद खोलीत निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात आणि धुराचे सूक्ष्म कण श्वासनलिकेचे आतले अस्तर सुजवतात. ओव्यात गुण असतील, धुरात नाहीत. डासांच्या कॉइलचेही तेच, त्याऐवजी मच्छरदाणी लावा. विडी-सिगारेट अंगणात ओढली तरी कण कपड्यांना चिकटून आत येतात, तेव्हा शर्ट बदलून हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. ऊब हवीच असते. त्यासाठी टोपी, मोजे आणि आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास असे ठेवायला सांगते.

नाकात तेल सोडू नये. ते घशातून फुप्फुसात उतरते आणि तिथे न्यूमोनिया करते. एवढे लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्यामुळे नाक चोंदले की दूध ओढता येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचे थेंब पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन टाकावेत. घरी मीठ कालवून करू नयेत, प्रमाण चुकते. वाफाऱ्याने भाजण्याचा धोका असतो.

आता मोजणी. बाळ शांत किंवा झोपलेले असताना झबले वर करा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येते ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण या बाळांचा श्वास एकसारखा नसतो, मध्ये पाच-दहा सेकंद थबकतोही. दोन महिन्यांखाली ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजा, आणि पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना गाठा. दोन महिने ते एक वर्ष या वयात ही मर्यादा ५० आहे. बरगड्यांखाली खड्डा पडणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, ओठ निळे पडणे, श्वास २० सेकंद थांबणे, दूध निम्म्यावर येणे, अंग गार पडणे यापैकी काहीही दिसले तर मोजत बसू नका, निघा.

खोकल्याचे सिरप देऊ नका. छिंदवाड्यात २०२५ मध्ये दूषित सिरपने मुले दगावली, ते नागपूरने जवळून पाहिले आहे. प्रतिजैविकांचाही विषाणूवर उपयोग नाही. रुग्णालयात मुख्यतः ऑक्सिजन, नाकाची सफाई आणि दूध-पाण्याचा आधार हाच उपचार असतो.

लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, 'अजून दोन किलोचे झाले नाही' म्हणून लांबवायच्या नाहीत. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस) ६, १० आणि १४ आठवड्यांना, न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) ६ व १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात. बाळ तेव्हाही रुग्णालयातच असेल आणि प्रकृती स्थिर असेल तर तिथेच द्यावी. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर, महिन्याच्या अंतराने दोन मात्रा. तोपर्यंत घरातल्या मोठ्यांनी ती घ्यावी. आरएसव्हीसाठी निर्सेव्हिमॅब हे एकदाच द्यायचे तयार प्रतिपिंडाचे इंजेक्शन युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. आपल्या सरकारी लसीकरणात ते नाही. त्यामुळे बहुतेक घरांच्या हाती वरचेच उपाय उरतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. घरोघरच्या नवजात सेवेचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे देशाच्या कार्यक्रमाचा पाया झाला. तिथे जमले ते नागपूरच्या नवजात कक्षात न जमण्याचे कारण नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने सुटीच्या कार्डामागे हे आकडे, धोक्याची चिन्हे आणि रात्री-अपरात्री लागेल असा फोन नंबर छापावा. भंडारा-गोंदियासारखीच बालाघाट-छिंदवाड्याचीही बाळे इथे येतात, तेव्हा मजकूर मराठीत आणि हिंदीतही असावा. सुटीच्या आदल्या दिवशी आई आणि आजी दोघींकडून परिचारिकेसमोर मोजणी करून घ्यावी आणि त्यांचा आकडा तिच्या आकड्याशी जुळल्यावरच कार्डावर सही व्हावी.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, नागपूर