पट्टदकलला एकटीने

प्रिय वैजू,

काल पट्टदकलची चालुक्यांची मंदिरं मी एकटीने पाहिली. निखिल गाडीतच थांबला. हे आईला कळवलं असतं तर तिने त्याला ताप आलाय का विचारलं असतं, आणि दादाने गाडीचं काय बिघडलं ते. तू यातलं काहीच विचारणार नाहीस, म्हणून तुलाच लिहितेय. तो आत्ता पुढच्या सीटवर हेडफोन लावून मीटिंगमध्ये आहे, म्हणजे तासभर तरी मिळेल.

तब्येती ठीक. माझा खोकला गेला, त्याची कंबर बरी आहे.

सुरुवात बदामीतच झाली होती. तिथलं तिसरं लेणं इ.स. ५७८ चं आहे, शिलालेखच आहे तसा. खांबांच्या वरच्या बाजूला झाडाखाली उभी असलेली जोडपी कोरली आहेत, एकासारखं दुसरं नाही. मी मान वर करून एकेक बघत होते, तोवर निखिल चौथं लेणं उरकून पायऱ्यांकडे पोचला होता. खालून हाक आली, "झालं का?" वैजू, या दोन शब्दांनी माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे, कारण ते पहिल्यांदा तूच म्हणायचीस!

त्याचंही चूक नाही. आठवडाभर आम्ही दोघं या गाडीतच राहतो आणि एका घडीच्या टेबलावर काम करतो. दोघांचे कॉल एकाच वेळी आले की एकाने पुढे जाऊन बसायचं. ढगाळ असलं की छतावरच्या पॅनेलमधून बॅटरी पुरती भरत नाही, मग लॅपटॉप कुणाचा चालू ठेवायचा यावर चर्चा. शनिवारची सकाळ पाण्याची टाकी भरण्यात, सांडपाण्याची रिकामी करण्यात आणि कपडे धुण्यात जाते. उरतो दीड दिवस, आणि त्याच दीड दिवसात बाकीचं जगही तिथेच आलेलं असतं. घाटातली गाडी बहुतेक तोच चालवतो. त्याला सुट्टी म्हणजे गाडी उभी आणि आपण आडवे. मला वाटतं, ज्यासाठी घर भाड्याने देऊन निघालो, ते तर या दीड दिवसातच आहे.

तर काल तो म्हणाला, "तू जाऊन ये, मी थांबतो." रागाने नाही, अगदी सहज.

मी गेले. विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने बांधवलं, नवरा दुसरा विक्रमादित्य कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवून आला म्हणून. शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या धाकट्या बहिणीचं, त्रैलोक्यमहादेवीचं. नवरा तोच, निमित्तही तेच, मंदिर मात्र थोडं लहान. तू आणि सोनू असतात तर दोन्ही शिखरं आधी टेपने मोजून घेतली असतीत. एकाच आवारात दक्षिणेकडची पायऱ्यापायऱ्यांची शिखरं आहेत आणि उत्तरेकडची वक्र शिखरंही. विरूपाक्षाच्या मंडपातल्या खांबांवर रामायण-महाभारत आहे, जाळीच्या खिडक्यांतून उजेड येतो. मी प्रत्येक खांबापाशी बसले. कुणी हाक मारली नाही. इतकं मनासारखं बघणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

परत आले. तो विचारतो, "कसं होतं?" मी म्हटलं, "छान." आणि पुढे काही सांगावंसंच वाटेना. त्याहून वाईट म्हणजे तोही ताजातवाना दिसत होता, गुणगुणत होता. संध्याकाळी कपड्यांच्या दोरीवरूनसुद्धा वाद झाला नाही. सोबत नव्हतो तेव्हा आम्ही दोघंही सुखात होतो, वैजू. रात्री झोप लागली नाही ती याने.

वेरूळला कैलास लेण्यासमोर तू मला म्हणाली होतीस, "तुला सोबती नको असतो, श्रोता हवा असतो." एसटीत मी परत येईपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते. कैलासावर या विरूपाक्षाची छाप आहे असं मानतात, त्यामुळे काल ते भांडण आठवणं भागच होतं. तुझं म्हणणं मला आजही मान्य नाही. काल मला श्रोताही नको होता, आणि भीती वाटते ती त्याचीच. घरात दोन खोल्या असतात, दार लोटून घेता येतं. इथे दार एकच, ते रस्त्यावर उघडतं. बघणंही वेगवेगळं झालं तर आमच्यात सामाईक काय उरेल? टाकी आणि बॅटरी?

की बघणं वेगळं झालं तरच बाकीचं टिकेल? तू आणि श्रीधर वर्षातून एकदा वेगवेगळे फिरता, तेव्हा परत आल्यावर एकमेकांना सगळं सांगता का? खरं सांग. मला धीर देण्यासाठी काहीही लिहू नकोस.

पुढच्या रविवारी ऐहोळे. मेगुतीच्या टेकडीवर कवी रविकीर्तीचा इ.स. ६३४ चा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला हरवल्याचं त्यात आहे, आणि तीन महाराष्ट्रकांच्या ९९,००० गावांचाही उल्लेख आहे. लढायांच्या गोष्टी निघाल्या की निखिलला वेळेचं भान राहत नाही. मी ठरवलंय, टेकडीवर ये एवढंच त्याला म्हणायचं. खालची मंदिरं मी माझी बघेन. तो आला नाही तर काय, याचा विचार अजून केलेला नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिन्मयची दहावी यंदाच ना? काकूंच्या डोळ्याची पट्टी निघाली का, ते नक्की कळव. सोनूला विचारलंय म्हणून सांग.

त्याची मीटिंग संपत आली. शनिवारच्या आत उत्तर पाठव, दोन ओळी असल्या तरी चालतील.

तुझी,
मीनू