विषय: जनरेटर खोलीमागचा झेंडूचा वाफा आणि खतखड्डा (तिसरे पत्र)

मा. अध्यक्ष,
स. न. वि. वि.

जूनमधल्या आणि दसऱ्याआधीच्या माझ्या पत्रांची साधी पोचही मिळाली नाही, म्हणून हे तिसरे.

जनरेटर खोलीमागे पूर्वी इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडल्या जायच्या. तिथल्या मातीत शिसे आहे. स्वखर्चाने केलेल्या तपासणीचा अहवाल मी पहिल्याच पत्रासोबत दिला होता. शिसे कुजत नाही, पावसाने धुऊनही फारसे जात नाही, वरच्या थराला धरून बसते. म्हणून मी तिथे झेंडू, कर्दळ आणि सूर्यफूल लावले. ही झाडे मुळांवाटे असे धातू थोडेथोडे ओढून घेतात. अणुभट्टीचा अपघात झालेल्या चेर्नोबिलजवळच्या तळ्यात १९९० च्या दशकात सूर्यफुलांकडून सीझियम, स्ट्रॉन्शियम हे किरणोत्सारी धातू शोषून घेतले होते. फुलझाडेच का? तर ती कोणी खात नाही. याला वर्षे लागतात, हेही मी सभेत सांगितले होते.

पण शोषलेला धातू झाडातच राहतो. झाड उपटून वेगळे ठेवले नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. आणि बी-१०२ च्या सदस्यांनी नेमके तेच केले. दसऱ्यानंतर माळ्याकरवी माझी झाडे उपटून खतखड्ड्यात टाकली. मी स्वतः खड्डा उकरून पाहिला: झेंडूची सुकी बोंडे, आणि मुळांत अडकलेले बॅटरीच्या काळ्या डब्याचे तुकडे. तेच खत पिशव्यांतून कुंड्यांसाठी वाटले गेले. वर त्या वाफ्यात आता त्यांचे अळू आणि पालक डोलते आहे!

सामायिक जागेत खासगी लागवड करू नये, असा आपलाच ठराव आहे. माझा वाफा सर्वांसाठी आहे, त्याला तो लागू होत नाही. जिन्यातले त्यांचे चपलांचे कपाट, माझ्या जागेवर लावलेली स्कूटर, गॅलरीतून ठिबकणारे पाणी, यांवर मी कधी अवाक्षर काढले नाही. सी विंगमधल्या चौघी जणी मला म्हणाल्या, "काका, तुमचं बरोबर आहे." वाईटपणा नको म्हणून त्यांनी सही केली नाही, एवढेच. त्या वाफ्याशेजारी लहान मुले मातीत खेळतात, आणि शिसे त्यांच्याच मेंदूला सर्वांत जास्त बाधते.

तरी खताचे वाटप आजच थांबवावे, दिलेल्या पिशव्या परत घ्याव्यात, अळू-पालक काढावे आणि खड्डा रिकामा करण्याचा खर्च बी-१०२ च्या मेंटेनन्सच्या बिलात लावावा. उपटलेली झाडे व ते खत घातक कचरा म्हणूनच द्यावे, घंटागाडीत नव्हे. रविवारी सकाळी आठला मी खड्ड्यापाशी थांबतो. माळ्याला जाड पोती आणि हातमोजे देऊन पाठवावे.

कळावे,
सदस्य, बी-२०२