पार्किंगमधल्या त्या दोघांचे आभार

आजोबांना शेवटचा निरोप द्यायच्या सकाळी गाडीतून उतरताना माझ्या हातातून त्यांच्या पदकांचा डबा निसटला. सगळी पदकं चिखलात. एक तर सापडेचना. मी तिथेच रडायला लागलो.

तेवढ्यात ताठ कण्याचे एक वयस्कर गृहस्थ आले. न विचारता पांढऱ्या शर्टानिशी ओल्या जमिनीवर पालथे झाले आणि गाडीखाली हात घालून हरवलेलं पदक काढलं. मग रुमालाने एकेक पुसून, फितीचे रंग पाहून बरोबर क्रमाने लावलं. "ज्याची पदकं त्याच्या डाव्या छातीवर. तू लावणार असशील तर उजवीकडे," एवढंच म्हणाले. एका ताईंनी पर्समधली सेफ्टी पिन दिली, कारण माझे हात थरथरत होते आणि फीत तुटली होती. टोचलीही त्यांनीच.

आजोबा पंचाहत्तरीतही दोर खांद्यावर टाकून कडे चढायचे (घरच्यांना खोटं सांगून, अर्थात). चिखलात लोळणारा माणूस त्यांना लगेच आवडला असता.

काका, नाव विचारेपर्यंत तुम्ही निघून गेलात. ताई, तुमची पिन अजून त्या फितीलाच आहे. दोघांचे मनापासून आभार.